नऊ शब्द आणि एकच 'आकर्षक'

स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधली वही उघडली की साधारण असं एक पान सापडतं. डावीकडे चार्मिंग, ॲट्रॅक्टिव्ह, अल्युअरिंग, ग्लॅमरस, करिझ्मॅटिक, फॅसिनेटिंग, इनचँटिंग, स्वाव्ह, डेबोनेअर असे नऊ शब्द एकाखाली एक. उजवीकडे एक लांबलचक महिरपी कंस आणि त्याच्या टोकाला एकच शब्द: आकर्षक. स्पर्धा परीक्षांच्या समानार्थी शब्दांच्या याद्याही याच घाटाच्या. पाठांतराला सोयीचं आहे, आणि चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची असेल तर एवढ्यावर भागतंही. अडतं ते पुढे. त्याच वहीतला शब्द उचलून शिफारसपत्रात, बायोडेटात किंवा परदेशी ग्राहकाच्या ईमेलमध्ये बसवला जातो तेव्हा.

'शी इज ॲन अल्युअरिंग टीचर.' लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की मुलं बाईंच्या तासाला आपणहून येऊन बसतात. वाचणाऱ्याला कळतं ते असं, की बाई मादक दिसतात. 'अवर न्यू मॅनेजर इज अ व्हेरी स्मूद पर्सन' हे वाक्य कौतुक म्हणून पाठवलं जातं आणि वाचणारा मनाशी म्हणतो, या माणसापासून जरा जपून. व्याकरण चोख, स्पेलिंग बरोबर, त्यामुळे लाल शाईने कोणी काही खोडतही नाही. चूक कायमची वहीत राहते.

माणसाच्या मोहकपणाबद्दलचे इंग्रजी शब्द समानार्थी म्हणून शिकवणं बंद केलं पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दोन गोष्टी एकदम सांगतो: समोरच्या माणसात ओढ आहे, आणि त्या ओढीवर बोलणाऱ्याचा कितपत भरवसा आहे. दुसरी गोष्ट यादीत गळून पडते. आणि शब्द निवडताना नेमकी तीच लागते.

हा संशय आला कुठून, ते शब्दांच्या कुळात डोकावलं की दिसतं. चार्म हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या 'कार्मेन'पासून आला. कार्मेन म्हणजे गाणं, पद्य, आणि त्याबरोबरच म्हणायचा मंत्र. इंग्रजीत आला तेव्हा चार्म म्हणजे मंतरणंच होतं. आवडून जाण्याजोगा गुण हा अर्थ नंतर, सोळाव्या शतकाच्या अखेरीकडे चिकटला. इनचँटमध्येही गाणंच आहे, कोणावर तरी गाऊन टाकलेली करणी. फॅसिनेटचं लॅटिन मूळ सरळसरळ दृष्ट लावण्याचं आहे. सगळ्यांत गंमत ग्लॅमरची. हा शब्द म्हणजे स्कॉटलंडमध्ये तोंडी बदललेला ग्रॅमर. मध्ययुगात ग्रॅमर म्हणजे विद्या, आणि सामान्यांच्या लेखी पोथीवाल्यांची विद्या म्हणजे जादूटोणा. त्यातून ग्लॅमर म्हणजे डोळ्यांना नसलेलं दाखवणारी भूल. वॉल्टर स्कॉटच्या लेखनाने ती इंग्रजीभर पसरली. ग्रॅमरच्या तासाला कंटाळणाऱ्या पोरांना हे एकदा तरी सांगावं. जाता जाता तिथेच स्पेलिंगही सांगून टाकावं: ग्लॅमरमध्ये 'ओ-यू' येतो, ग्लॅमरसमध्ये त्यातला 'यू' जातो.

अल्युअरच्या पोटात तर चक्क शिकारीचं साधन आहे. बहिरी ससाणा उडून गेला की त्याला परत बोलावण्यासाठी शिकारी चामड्याच्या तुकड्याला पिसं बांधतात, वर मांसाचा तुकडा लावतात आणि दोरीला धरून तो डोक्यावर गरगर फिरवतात. ससाण्याला तो पक्षी वाटतो, झेप घेऊन तो खाली येतो. त्या साधनाचं नाव ल्युअर. मराठीत याला नेमका शब्द आहे: आमिष. आता 'अल्युअरिंग टीचर' परत वाचून पाहा.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. आज फॅसिनेटिंग म्हणणाऱ्या कोणाच्याही मनात दृष्ट नसते. मग शब्दाच्या पणजोबाची चौकशी कशाला? खरं आहे. फॅसिनेटिंग आणि इनचँटिंग हे दोन्ही शब्द वापरून वापरून धुवून निघालेत. व्याख्यान फॅसिनेटिंग असतं, कोकणातलं गाव इनचँटिंग असतं, त्यात डाग नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्द लक्षात ठेवायची ती खुंटी, एवढंच. निकाल लागतो तो आजच्या वापरावर. पण तिथेही चार्मचा डाग गेलेला नाही, हे त्याच्या बरोबरीने येणाऱ्या शब्दांवरून कळतं. इंग्रजीत चार्म 'टर्न ऑन' करतात, नळ सोडावा किंवा दिव्याचं बटण दाबावं तसं. म्हणजे तो बंदही होतो. 'ही चार्म्ड हिज वे इन' म्हणजे गोड बोलून आत शिरला, बहुतेक जिथे त्याला शिरकाव नव्हता तिथे. 'चार्म ऑफेन्सिव्ह' म्हणजे काल डोळे वटारणाऱ्या सरकारने किंवा कंपनीने आज अचानक हसतमुखाने सुरू केलेली मोहीम. ऑफेन्सिव्ह हा शब्दच लष्करी चढाईचा. आणि कोणी उद्धटपणा केला की ब्रिटिश माणूस नुसतं 'चार्मिंग!' म्हणतो, आपल्या 'वा, छान!'सारखं. घराच्या जाहिरातीत चार्मिंग आलं की घर जुनं आणि लहान आहे असं समजून चालावं.

याचा अर्थ चार्मिंग ही शिवी आहे असा नाही. कोणाकडे जेवायला गेलात आणि यजमानांबद्दल 'दे वर चार्मिंग' म्हणालात तर ते निखळ कौतुकच. फक्त त्या शब्दाला कामाच्या कागदावर नेऊ नये. चार्मला मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'आकर्षक' नव्हेच, 'लाघवी' आहे. लाघव म्हणजे लघुपणा, हलकेपणा, सहजता; हस्तलाघवातलं लाघव तेच. लाघवी माणूस आवडतो, पण त्याला उधार देताना आपण दोनदा विचार करतो. याच्या उलट गुरूपासून गौरव, म्हणजे जडपणा आणि मान एकाच शब्दात. लॅटिनमधून इंग्रजीने घेतलेला ग्रॅव्हिटास हा असाच, शब्दशः वजन. 'त्यांच्या शब्दाला वजन आहे' हे आपण रोज म्हणतो. ग्रॅव्हिटास शिकवायला याहून वेगळं वाक्य लागत नाही.

खरा गोंधळ मात्र करिझ्माचा आहे, आणि तो वहीपुरता राहिलेला नाही, वर्तमानपत्राच्या मथळ्यात जाऊन बसलाय.

मराठी बातमीत 'करिष्मा' हा शब्द करिझ्माचं मराठी रूप म्हणून सर्रास वापरला जातो. दोन शब्दांचा आवाज इतका सारखा आहे की ते एकच वाटावेत. ते एक नाहीत. करिष्मा आपल्याकडे फारसीकडून उर्दू-हिंदीच्या वाटेने आला. फारसीत त्याचा अर्थ डोळ्यांचा लाडिक इशारा, नखरा. पुढे उर्दू-हिंदीत तो चमत्कार, अद्भुत करणी असा झाला. करिझ्मा ग्रीक आहे. 'खारिस' म्हणजे कृपा, आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपेने मिळालेलं दान. म्हणून तर स्पेलिंग 'सी-एच'ने सुरू होऊनही उच्चार चनं होत नाही, कनं होतो. जोर 'रि'वर द्यायचा. करिझ्मॅटिक म्हणताना तो 'मॅ'वर सरकतो.

संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ही दानं मोजून सांगितली आहेत: ज्ञानाचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, भविष्यकथन, अनोळखी भाषा बोलणं, त्या भाषांचा अर्थ लावणं. ती मिळतात सर्वांच्या हितासाठी, ज्याला मिळाली त्याच्या मिरवण्यासाठी नव्हे. मराठी बायबलमध्ये यासाठी 'कृपादान' हा शब्द आहे, आणि तो इतका नेमका आहे की राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी तो उचलला नाही याची हळहळ वाटते. वसईत, मुंबईत किंवा गोव्यात कॅथलिक घरात 'ते करिझ्मॅटिक आहेत' असं ऐकू आलं तर त्याचा अर्थ ते व्यक्तिमत्त्वाने भारून टाकतात असा घेऊ नये. ते एका विशिष्ट प्रार्थना चळवळीत जातात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

धर्मातला हा शब्द राजकारणात आणला माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने. वेबर 1920 साली वारला, त्याचा मोठा ग्रंथ 1922 मध्ये छापून आला, आणि त्यातला सत्तेच्या प्रकारांचा भाग 1947 मध्ये इंग्रजीत आला. तिथून हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत पसरला आणि पसरताना पातळ झाला. वेबरने तीन तऱ्हेच्या सत्ता सांगितल्या: परंपरेने चालत आलेली, नियम-कायद्याने चालणारी आणि करिझ्माने चालणारी. तिसरीबद्दल त्याचा मुद्दा असा की नेत्यात खरोखर काही असाधारण आहे की नाही, हा प्रश्नच गौण आहे. अनुयायी त्याला असाधारण मानतात का, एवढंच पाहायचं. ही मान्यता सतत पुराव्यावर टिकते. लढाई जिंकली पाहिजे, पाऊस पडला पाहिजे, लोकांचं भलं झालं पाहिजे. पुरावा येईनासा झाला की करिझ्मा संपतो.

मराठीने हे वेबरच्या आधीच एका शब्दात सांगून ठेवलं होतं. टिळकांना लोकांनी दिलेली पदवी 'लोकमान्य'. त्यात तेज, जादू, रुबाब यांतलं काही नाही. सगळा भार 'लोकांनी मानलं' यावर आहे.

आता मथळा वाचू या: 'साहेबांचा करिष्मा चालला नाही.' इथे करिष्मा ही नेत्याने करून दाखवायची करामत आहे, जादूगाराच्या पोतडीतून काढायची वस्तू. निवडणूक जिंकली, करिष्मा चालला. हरली, करिष्मा ओसरला. निकालालाच निकालाचं कारण म्हणून सांगणं झालं हे. वेबरचा करिझ्मा डोक्यात असता तर बातमीदाराला पुढचे प्रश्न विचारावे लागले असते. कोणत्या मतदारांनी मानणं सोडलं? ते कोणत्या पुराव्याची वाट पाहत होते: कर्जमाफी, पाणी, नोकरी? तो कधीपासून आला नाही? चार प्रश्न विचारायला चार गावं फिरावी लागतात. 'करिष्मा ओसरला' म्हणायला काही लागत नाही.

नेता गेल्यावर काय होतं, याचाही वेबरने हिशेब मांडला आहे, आणि घराणेशाहीवर बोलणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. करिझ्मा टिकवायचा तर तो रुळावर आणावा लागतो. त्याच्या सहा वाटा तो सांगतो: लक्षणं पाहून नव्या माणसाचा शोध, जसा तिबेटात दलाई लामांचा घेतात, कौल लावून निवड, मूळ नेत्यानेच वारस नेमणं, जवळच्या साथीदारांनी नेमणं, रक्ताचा वारसा, आणि माणसातून काढून खुर्चीत, पदात ठेवणं. भारताबद्दल लिहिताना कुळाने चालत आलेल्या करिझ्माकडे त्याने मुद्दाम लक्ष वेधलं आहे. 'मुलाकडे वडिलांचा करिष्मा नाही' हे वाक्य आपण सतत वाचतो. वेबरच्या चौकटीत ते निरर्थक ठरतं, कारण मुलाकडे आलेली सत्ता वेगळ्या जातीची असते. तिला पुरावा कमी लागतो आणि आडनाव जास्त.

लोकांच्या मनातच सगळं घडतं हे आणखी एका शब्दाने, फार वेगळ्या वाटेने, सिद्ध केलं. मेस्मराइज हा शब्द फ्रांट्स मेस्मर या डॉक्टरच्या नावावरून आला. आपल्या शरीरातल्या चुंबकीय द्रवाने रोगी बरे होतात असा त्याचा दावा होता, आणि पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागायची. 1784 साली राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए तिचे सदस्य. समितीने रोग्यांचे डोळे बांधले. चुंबकत्व सोडलं आहे असं खोटंच सांगितलं तरी रोग्यांना झटके येत. न सांगता सोडलं तर काही होत नसे. द्रव नव्हता, समजूत होती. 'मॅग्नेटिक पर्सनॅलिटी' हा आता गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग मनुष्यदेहातल्या चुंबकत्वाच्या त्याच कल्पनेशी नातं सांगतो.

उरलेल्या शब्दांचा एक मोठा घोळका तेलकट आहे. अंक्शुअस म्हणजे मुळात मलम चोपडलेला. स्मार्मी हा केसांना चोपडचापड करण्याच्या क्रियापदातून आलेला. ग्लिब आणि स्लिक निसरडे. आपल्या 'लोणी लावणे', 'मस्का मारणे' यांना हे शब्द लगेच समजतील, आणि शिकवतानाही 'आकर्षक'पेक्षा 'गोडबोल्या' हा शब्द इथे जास्त कामाला येतो. पण यातही फरक आहेत. स्लिक हा शब्द सादरीकरणाला लावला तर बरा, माणसाला लावला तर वाईट. स्मूदचंही तेच. स्वाव्ह मात्र तेलकट नाही. तो लॅटिन 'सुआविस'पासून, आणि त्याचा नातेवाईक आपला 'स्वादु'. इंग्रजी स्वीटसुद्धा त्याच घरातला. गोड, पण कपडेपट आणि वागणं नेटकं असलेला पुरुष म्हणजे स्वाव्ह.

पुरुष, कारण हे शब्द स्त्री-पुरुष पाहूनच खर्च होतात, आणि याद्या त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. स्वाव्ह, डेबोनेअर पुरुषांना. बबली, विव्हेशस, विन्सम बहुतांशी बायकांना. ग्रॅव्हिटास बहुधा पुरुषांच्या वाट्याला येतो. विन्सम हा जिंकण्याच्या 'विन'वरून आलेला नाही. जुन्या इंग्रजीत 'विन' (wynn) म्हणजे आनंद, त्यावरून तो आला. विन्सम म्हणजे लहान मुलासारखा गोडवा. चाळीस वर्षांच्या महिला अभियंत्याच्या शिफारसपत्रात विन्सम किंवा बबली लिहिणं म्हणजे तिचं वय आणि पद दोन्ही काढून घेणं. पत्र लिहिणाऱ्याची नियत चांगली असते. उमेदवार मात्र मागे पडते.

सगळ्यांत फसवा शब्द यादीत सहसा नसतोच: प्लॉझिबल. लॅटिनमध्ये टाळ्या मिळवण्याजोगा. युक्तिवाद प्लॉझिबल असेल तर तो पटण्यासारखा आहे. पण ब्रिटिश माणूस एखाद्या इसमाला प्लॉझिबल म्हणाला की समजावं, बोलणं पटेल आणि पैसे जातील.

आणि अलीकडचा रिझ. ऑक्सफर्डने तो 2023 चा वर्षशब्द म्हणून निवडला. करिझ्माचं डोकं आणि शेपूट छाटून उरलेला मधला तुकडा. छाटताना देवही गेला आणि गर्दीही गेली. उरली ती एका व्यक्तीला पटवण्याची हातोटी. मुलं तो बरोबर वापरतात, कारण त्यांनी तो यादीतून घेतलेला नाही, वापरातून घेतलाय.

मग शिकवायचं कसं? आठवड्याला दोन शब्द पुरेत. एका सत्रात पंचवीसेक होतात आणि यापेक्षा जास्त कोणाला लागत नाहीत. वहीत अर्थाच्या रकान्याऐवजी तीन रकाने आखावेत: तोंडावर, पाठीमागे, लेखी. हा शब्द त्या माणसाला तोंडावर म्हणता येईल का? पाठीमागे म्हटला तर त्याने ऐकू नये असं वाटेल का? सहीनिशी पत्रात लिहिता येईल का? चार्मिंग तोंडावर चालतो, पाठीमागे आवाजावर अवलंबून, कामाच्या पत्रात नको. स्मार्मी आणि माणसाला लावलेला प्लॉझिबल फक्त पाठीमागे. करिझ्मॅटिक तिन्हीकडे चालतो, पण ज्याच्यासमोर जमाव असतो अशालाच: वक्ता, संघटक, प्रशिक्षक. स्वागतकक्षातल्या माणसाला करिझ्मॅटिक म्हणणं म्हणजे चहाच्या कपाला हौद म्हणणं. त्याच्यासाठी साधा, निर्धोक शब्द पर्सनेबल, म्हणजे वागायला-बोलायला छान, हा आहे, आणि मुलाखतीच्या शेऱ्यात तो डोळे मिटून लिहावा. फक्त टंकताना तो पर्सनल होत नाही ना ते पाहावं. चौथी चाचणी हवी असेल तर शब्दाआधी 'अ लिटल टू' लावून बघायचं. 'अ लिटल टू चार्मिंग' इंग्रजीत सहज बसतं, कारण शब्दात संशय आधीपासून आहे. 'अ लिटल टू पर्सनेबल' अडखळतं.

परीक्षेचं काय, असं शिक्षक विचारतील. परीक्षेला हे सगळं लागत नाही, हे मान्य. परीक्षेसाठी यादी ठेवा, पण ती वेगळ्या वहीत, आणि त्या वहीवर 'फक्त खूण करण्यासाठी' असं लिहा. पीटर रोजेटने 1852 साली आपला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, छापला तेव्हा शब्द कल्पनेप्रमाणे शेजारी शेजारी ठेवले, ते ज्याला शब्द आधीच माहीत आहेत आणि ऐनवेळी आठवत नाहीत अशा लेखकासाठी. शेजारी राहतात म्हणून ते एकाच घरातले नाहीत. आपण असे कोश शिकाऊ मुलाच्या हाती देतो आणि मग पत्रं अशी का वाचली जातात म्हणून कोड्यात पडतो.

विशेषणाची खात्री नसेल तर ते गाळावं आणि माणूस काय करतो ते लिहावं. हे सगळ्यांत सोपं आहे आणि वहीतल्या कोणत्याही मुलाला जमतं. त्या बाईंचं पत्र असं लिहिता येतं: 'स्टुडंट्स कम अर्ली टु हर क्लास ॲण्ड स्टे बॅक आफ्टर इट.'